सड्यावरून आणलेला इतिहास

रेश्माचा फोन आला तेव्हा मी मालवणच्या बाजारात चष्म्याच्या दुकानात बसले होते. एक डोळा झाकलेला, समोर अक्षरांचा फलक आणि मांडीवरच्या पिशवीत थरथरणारा मोबाइल. रेश्मा आमची शेजारीण. आमचं गाव मसुऱ्याच्या पुढे, खाली खाडीच्या अंगाला. तिथे ना तिच्या घरात रेंज ना आमच्या. फोन करायचा तर वर सड्यावर, कातळाच्या माळावर, चढायचं. म्हणजे रेश्मा सड्यावरून बोलत होती, आणि भर दुपारी सडा उगाच कुणी चढत नाही. "आत्ये, बेगीन घराक ये," एवढंच ती म्हणाली. तिला धाप लागली होती. मी विचारलं, "ओंकारचा काय?" गेले कित्येक महिने माझा हा पुतण्या मालवाहू बोटीवर होता, आणि फोन वाजला की हाच प्रश्न आधी माझ्या तोंडात यायचा. ती म्हणाली, "ओंकारचा नाय. काकीचा." काकी म्हणजे माझी वयनी. आणि खरं सांगते, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. ओंकारचं नाही ना, मग बाकी काय असेल ते बघता येईल... दुकानाच्या पायऱ्या उतरून रिक्षात बसेपर्यंत ती सुटका टिकली. रिक्षा बाजार सोडून रस्त्याला लागली तेव्हा कुठे रेश्माचं बोलणं माझ्या कानात नीट शिरलं.

घरी पोचले तर घरापुढच्या खळ्यात माणसं उभी होती. गावातले डॉक्टर येऊन गेले होते. दुपारचं जेवण आवरून वयनी रोजच्यासारखी पडवीतल्या चटईवर आडवी झाली होती, कानात इयरफोन घालून. रेश्मा आमचं भांडं परत द्यायला आली. काकी ऐकतेय असं वाटून ती बराच वेळ शेजारी नुसती बसून राहिली, कारण मध्ये बोललेलं वयनीला चालत नसे. कानातली गोष्ट संपली की काकी डोळे उघडेल म्हणून ती वाट बघत होती... पुढे बरेच दिवस रेश्मा भेटेल त्याला हे सांगायची आणि रडायची. "माका वाटला, आयकता," म्हणायची.

शालिनी माझी वयनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको. भाऊ एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता. त्यांचा मुलगा ओंकार हायस्कूलला असतानाच भाऊ हृदयाच्या आजाराने गेला. मी तेव्हा वैभववाडीकडे प्राथमिक शाळेत शिकवत होते. लग्न केलं नव्हतं, सुट्टीत घरी यायचे. निवृत्त झाल्यावर कायमची आले. वयनीने कोकमांवर आणि आंबापोळीवर घर चालवलं, ओंकारला बोटीवरच्या कामाचं शिक्षण दिलं. तिची स्वतःची शाळा दहावीला थांबली होती. इतिहास हा तिला तेव्हा सनावळ्यांमुळे नकोसा झालेला विषय. पुस्तकात राजा यायचा, लढाई व्हायची, तह व्हायचा आणि आपल्याला मार्क कमी पडायचे, असं ती सांगायची.

पॉडकास्ट तिच्या हातात आले ते ओंकारमुळे. मालवाहू बोटीवर त्याची पहिली नोकरी लागली तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने तिच्या मोबाइलमध्ये एक मराठी कार्यक्रम घालून दिला. दोन मित्र बसून इतिहासाच्या गोष्टी सांगतात, असा. एक बारीक आवाजाचा, सगळं घाईने सांगणारा. दुसरा सावकाश, मध्येच शंका काढणारा. ओंकार तो कार्यक्रम कॉलेजपासून ऐकायचा. तो आईला म्हणाला, की बोटीवर मी हे ऐकेन, इथे तू ऐक. म्हणजे फोनवर आपल्याला बोलायला काहीतरी असेल. वयनीला तेव्हा हसू आलं होतं. आई-मुलाला बोलायला काहीतरी लागतं काय... पण पहिल्या दोन-तीन फोनांतच तिच्या लक्षात आलं, की लागतं. जेवलास का, जेवलो. झोप मिळते का, मिळते. पाऊस आहे का, आहे. त्यानंतर दोघंही गप्प, आणि तिकडे बोटीवरच्या इंटरनेटची वेळ सरतेय.

मग ती ऐकायला लागली. घरात रेंज नसल्यामुळे आठवड्यातून दोनदा, जेवण झाल्यावर, छत्री घेऊन सडा चढायची. वर एसटीचा थांबा आहे, तिथल्या बाकावर बसून नवे भाग उतरवून घ्यायची आणि खाली यायची. बाजारात जाऊन आल्यासारखी ती घरात शिरायची, "चार गावले," म्हणायची. कोकमाचे रतांबे फोडताना, आंब्याचा रस ताटांत पसरताना, दुपारी चटईवर पडून, तिच्या कानात ते दोघं बोलत असत. कधी इयरफोन काढून मोबाइल मोठ्याने लावायची, मला ऐकवायला. मी पेपर वाचणारी बाई. मला त्यात गोडी नव्हती. पण तिचं ऐकणं बघायला मला आवडायचं. किल्ल्याला वेढा पडलेला असायचा आणि वयनी हातातली कोयती तशीच धरून बसलेली असायची. एकदा असाच वेढा उठेपर्यंत बांगड्याचं तिखलं तळाला लागलं. तेच आम्ही जेवलो, आणि जेवताना तिने मला वेढ्याची सगळी हकिगत पुन्हा सांगितली.

तिच्या शंका तिच्या स्वतःच्या होत्या. घाटातून वर बैलांचे तांडे मीठ घेऊन जायचे, असा एक भाग होता. तिला घाट कुठला, राज्य कुणाचं, यात रस नव्हता. पावसात ते मीठ भिजू नये म्हणून काय करत असतील, हे तिच्या डोक्यात दोन दिवस होतं. मालवणच्या किल्ल्यावरचा भाग झाला तेव्हा तर ती त्या दोघांवर रागावलीच. "इतकी माणसां थंय राबली म्हणतत," ती मला म्हणाली, "पण तेंचो भात कोणी शिजयलो, ता कोणच सांगना नाय." मग ओंकारचा फोन आला की ती त्याच्याशी यावरून भांडायची. तोही मुद्दाम त्या दोघांची बाजू घ्यायचा. सड्यावरच्या थांब्यावर उभी राहून माझी वयनी हातवारे करत मुलाशी भांडतेय आणि एसटीची वाट बघणारी माणसं ऐकतायत, असं मी कितीदा पाहिलं. माझा शाळेतला जगाचा नकाशा तिने पडवीच्या भिंतीवर लावून घेतला होता. सुएझ कुठे, एडन कुठे, सिंगापूर कुठे, हे ती मला विचारायची आणि बोट ठेवून पाठ करायची. त्यात थोडा इतिहास होता आणि थोडा ओंकार होता.

खरं म्हणजे सगळा ओंकारच होता, हे मला उशिरा कळलं. एकदा फोन झाल्यावर खाली उतरताना ती गप्प होती. मी विचारलं, तर म्हणाली, की पोराचं काहीतरी बिनसलंय. मी म्हटलं, तो तर बरा आहे म्हणाला ना. ती थांबली. "बरो आसंय म्हणता, तेचो माका भरवसो नाय. गोष्टीबद्दल बोलता तेव्हा माका तेचो आवाज कळता." घरच्या चौकशीला पोरगं ठरलेली उत्तरं देतं, पण आवडीच्या गोष्टीबद्दल बोलताना ते विसरतं, आणि मग आतलं बाहेर येतं, असा तिचा अनुभव होता. त्या वेळी ओंकारला खरोखरच ताप येऊन गेला होता. हे त्याने घरी आल्यावर सांगितलं.

यंदा तो दुसऱ्यांदा बोटीवर गेला, शिमग्याच्या आधी. दिवाळीला परत यायचा होता. चवथीच्या सुमारास त्याने कळवलं, की बोट तांबड्या समुद्रातून वर जाणार आहे. बातम्यांमध्ये त्या समुद्राचं नाव गेली काही वर्षं येतच होतं. तिथे बोटींवर हल्ले झाले होते, पुष्कळ कंपन्या आफ्रिकेला वळसा घालून बोटी नेत होत्या. ओंकार म्हणाला, की आता तेवढं काही नाही, काळजी करू नका. वयनीने शांतपणे ऐकून घेतलं. घरी येऊन ती नकाशासमोर उभी राहिली. त्या समुद्राच्या तोंडाशी जिथे दोन्ही बाजूंची जमीन जवळ येते तिथे तिने बोट ठेवलं आणि मला विचारलं, की हेच ना ते? मला कळेना. मग तिने सांगितलं. फार पूर्वी एका भागात त्या दोघांनी आपल्या किनाऱ्यावरून अरबस्तानाला जाणाऱ्या गलबतांची गोष्ट सांगितली होती. लाकूड, तांदूळ, मिरी घेऊन वाऱ्याच्या भरवशावर निघालेली माणसं. त्यात बारीक आवाजाच्या माणसाने सहज जाता जाता सांगून टाकलं होतं, की त्या सामुद्रधुनीला अरबीत जे नाव आहे त्याचा अर्थ होतो अश्रूंचं दार. तेव्हा वयनीला ते फार आवडलं होतं. किती सुंदर नाव ठेवतात माणसं, असं ती मला म्हणाली होती. आता ती म्हणाली, "नाव उगाच पडणा नाय, मंदा."

बोट त्या भागात असताना फोन बंद राहतील हे ओंकारने आधीच सांगितलं होतं. तरी वयनी रोज सड्यावर जायला लागली. आठवड्यातून दोनदाची फेरी रोजची झाली. पाऊस असो, नसो. कधी मी बरोबर जायची, कधी ती मला न सांगता निघायची. थांब्यावर बसून ती ओंकारचं नाव उघडून बघायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. नवे भाग उतरवून घ्यायची, पण ऐकायची नाही. जुनाच तो गलबतांचा भाग ती पुन्हा पुन्हा लावायची. मी एकदा चिडून विचारलं, की हेच का ऐकतेस, जिवाला त्रास करून घ्यायला? ती म्हणाली, की त्या गोष्टीत काही गलबतं परत आलेली आहेत.

घरात आम्ही दोघी, आणि दोघींच्या मध्ये ती बोट. चवथीला गणपती आणला, नैवेद्य झाले, भजनं झाली. आरतीच्या वेळी वयनी मधेच खाली बसली. मला वाटलं उपास, जागरण. सड्यावरून आली की ती आता बराच वेळ पायरीवर बसून राहायची, ओठ पांढरे पडायचे. विचारलं की म्हणायची, काळजीने होतं. मलाही छातीत धडधडायचं, झोप लागायची नाही. तेव्हा मीही ते काळजीचंच मानलं. पण विसर्जनानंतर तिच्या पायांवर सूज दिसली आणि मी तिला कणकवलीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी हृदयाची पट्टी काढली, तपासलं, आणि आम्हा दोघींना समोर बसवून स्वच्छ सांगितलं, की हे काळजीचं नाही. हृदयाची झडप खराब झालीय, गोव्याला मोठ्या हॉस्पिटलात जा, बहुतेक ऑपरेशन लागेल, दिवस काढू नका. सडा चढणं तर त्यांनी त्याच दिवशी बंद करायला सांगितलं.

परतीच्या रस्त्याला मी गोव्याचं ठरवायला लागले आणि वयनीने माझा हात धरला. बोट त्या दारातून बाहेर पडल्याशिवाय ती कुठेही येणार नव्हती. आणि ओंकारला यातलं अक्षर सांगायचं नव्हतं. मी वाद घातला, आवाज चढवला. रिक्षावाला मान वळवून बघायला लागला. ती हळू आवाजात म्हणाली, "दर्यात आसा तो. थंय तेचा लक्ष कामात रवाक होया. माझ्याकडे नको." मग आमचं एवढंच ठरलं, की त्याचा फोन आला की दुसऱ्या दिवशी गोव्याची नोंदणी करायची. तोवर सड्यावर रोज मी जाणार, ती नाही. ती कबूल झाली. मी एकटी थांब्यावर बसून तिचा मोबाइल हातात धरून रेंजच्या काड्या मोजत राहायचे, आणि इकडे ती घरी एकटी आहे या धास्तीने अर्ध्यातच उठून खाली धावायचे. दोन्हीकडची भीती अशी एकाच वेळी मी कधी अनुभवली नव्हती.

एका दुपारी ओंकारचा निरोप आला, की बोट बाहेर पडली, उद्या बोलतो. मी ओरडतच उतार उतरले. वयनीने देवापुढे जाऊन दिवा लावला आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या दिवशी फोन घ्यायला मात्र तीच वर जाणार होती. रिक्षा करून, लांबच्या रस्त्याने वळसा घालून, मी तिला सड्यावर नेलं. त्या फोनवर मी बाजूलाच होते. ओंकार हसून बोलत होता. तिने आवाज ताठ ठेवला होता. धाप का लागतेय असं त्याने विचारलं, तेव्हा सडा चढून आलेय म्हणाली. मग त्याने नव्या भागाचा विषय काढला, तिने हो हो केलं, फारच छान होता म्हणाली. त्यानेही छान होता म्हटलं. पाच मिनिटांत फोन संपला. रिक्षात बसल्यावर ती बाहेर बघत म्हणाली, "ह्यो भाग तेणी आयकूकच नाय. तेका थंय काय झाला ता तो सांगना नाय." मी म्हटलं, तू तरी कुठे ऐकलायस? त्यावर ती बारीकसं हसली. खूप दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी मी गोव्याला फोन केला. पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली. वयनीने बॅग भरली. हॉस्पिटलात वेळ जावा म्हणून मोबाइलमध्ये भाग भरून आणायला तिने मला दोनदा सड्यावर पिटाळलं. तिला पुन्हा ऐकावंसं वाटतंय याचा मला इतका आनंद झाला, की मी मिळतील तेवढे भरून आणले. मालवणला मी चष्म्यासाठी गेले तीसुद्धा गोव्याला कागद वाचावे लागतील म्हणून. निघताना ती चटईवर आडवी व्हायच्या तयारीत होती. लवकर ये म्हणाली, बस्स...

ओंकारला कळवणं माझ्यावर आलं. संध्याकाळी सड्यावर उभं राहून मी निरोप लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. शेवटी आई गेली एवढंच लिहिलं. निरोप गेला, पण त्याने वाचल्याची खूण काही केल्या उमटेना. तो कामावर असेल, झोपला असेल, समुद्राच्या कुठल्या टोकाला असेल... खाली घरात माणसं खोळंबली होती. अग्नी चुलत पुतण्याने दिला. ओंकारचा फोन आला तो सगळं आटोपल्यावर. मला वाटलं होतं तो कोसळेल, मला बोल लावेल. पण तो म्हणाला, "आत्ये, आये आजारी आसा ता माका कळला होता." मी विचारलं, कुणी सांगितलं? तो म्हणाला, "शेवटच्या फोनार ती माझ्यावांगडा भांडूक नाय. भाग छान होतो म्हणाली."

घरी आल्यावर त्याने बाकीचं सांगितलं. आईशी झालेल्या त्या शेवटच्या फोननंतर तो कप्तानाकडे गेला होता आणि घरी जायची रजा मागितली होती. कंपनीने बदली माणूस द्यायचं कबूल केलं होतं. पुढच्या बंदरात तो उतरणार होता. आईला न सांगता दारात उभं राहायचं असं त्याने ठरवलं होतं. आणि त्या समुद्रात खरंच काही झालं होतं का, हेही मी विचारलं. बोटीला काही झालं नव्हतं. पण एका सकाळी दूरवर धुराचा खांब दिसला होता. दुसऱ्याच कुठल्यातरी बोटीचा. सगळे जॅकेट घालून आतल्या जिन्यात बसून राहिले होते. तेव्हापासून त्याला कानात काही घातलेलं सहन होत नव्हतं. बाहेरचा आवाज ऐकू येईनासा होतो म्हणून. भाग त्याने ऐकलाच नव्हता. वयनीने बरोबर ओळखलं होतं, आणि त्यानेही तिला बरोबर ओळखलं होतं. दोघांनी एकमेकांची काळजी वाचवायला जे केलं ते दोघांनाही दिसत होतं, आणि तरी मध्ये वेळ कमी पडला. हे मला रोज टोचतं. कुणाचं चुकलं म्हणून नाही... नुसतंच टोचतं.

ओंकार आता घरी आहे. नवीन वर्षात त्याला पुन्हा जायचं आहे. जायलाच हवं, त्याचं तेच काम आहे. मी त्याला थांब म्हटलं नाही, पण त्या समुद्राचं नाव निघालं की मी उठून काहीतरी आवरायला लागते. परवा त्याने माझ्या मोबाइलमध्ये तोच कार्यक्रम घालून दिला. मी म्हटलं, मला लढाया आवडत नाहीत. त्याने शोधून दुसरं काही काढून दिलं; जुन्या काळी माणसं अक्षरं कशी शिकत, शाळा कशा भरत, असं. शिक्षिकेला बरं म्हणून. आम्ही दोघांनी ते ऐकलं. ऐकून झाल्यावर कसं वाटलं, असं त्याने विचारलं. मी छान होतं म्हणणार होते. तोंडात आलंच होतं. पण मी त्याला सांगितलं, की मी काही ऐकलंच नाही, मला सारखी तुझी बोट दिसत होती. तो म्हणाला, "आत्ये, फोनार पण ह्याच सांग. आयकूक नाय तर आयकूक नाय म्हणान सांग. मी पण तसाच सांगान." मी हो म्हटलं. त्याच्याकडूनही कबूल करून घेतलं, दोनदा.

दुपारची भांडी आवरली की आता मीही पडवीत जाते आणि तो कार्यक्रम लावते. मन लागतं असं नाही. पाच मिनिटं ऐकते, मग कुठेतरी भरकटते, मग मागे जाऊन पुन्हा लावते. वयनीची चटई रेश्माने धुऊन, वाळवून जागच्या जागी घातलीय, नकाशाखाली. तिच्यावर मी अजून पडत नाही. शेजारी जमिनीवर बसते.